बस ६.५५ ची, उशीर आदल्या रात्रीचा

(पत्र थोडं छोटं केलं आहे.)

“ताई, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळला राहतो. टॉवर आहे, अठरावा मजला. मुलगी दुसरीत, मुलगा ज्युनिअर केजीत. दोघांची शाळा एकच, कापूरबावडीच्या बाजूला. शाळा साडेसातची आणि बस आमच्या गेटवर ६.५५ ला येते. मी पाचला उठते. डबे, दूध, दोघांच्या आंघोळी, थोरलीच्या दोन वेण्या. धाकट्याला सासूबाई मोबाइल दाखवत भरवतात, तो घास गालात धरून बसतो. तो झोपतोही तोंड उघडं टाकून, घोरत, दहा हाका मारल्या तरी उठत नाही. सव्वासहाला माझं ‘चला, आटपा’ सुरू होतं, साडेसहाला त्याचं ओरडणं झालेलं असतं. गेल्या महिन्यात चारदा बस चुकली. मग रिक्षा शोधा, मेट्रोच्या कामातून वाट काढा, तोवर शाळेचं गेट बंद. उशिरा आलेल्या मुलांना गेटापाशी रांगेत उभं करतात, डायरीत लाल शिक्का मारतात. परवा थोरली जिन्यात बसून राहिली. म्हणाली, ‘घरी तू ओरडतेस, तिकडे बाई ओरडतात. मी कुठेच जाणार नाही.’ मला रडूच आलं. हे बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जातात, साडेसातला निघतात, रात्री नऊला येतात. मुलं त्यांची वाट बघत थांबतात. मग एकत्र जेवण, मस्ती, झोपायला पावणेअकरा. धाकटा दुपारी आजीबरोबर दोन ते पाच झोपतो, त्यामुळे तो तर टक्क जागा असतो. तेवढाच मुलांना बाबा मिळतो म्हणून मी काही बोलत नाही. मी ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, पावणेनऊला निघते. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड, निदान अर्धवेळ कर. मला वाटतं शाळाच बदलावी. काय करू?”
घोडबंदरची एक आई

नमस्कार.

तुमचे दोन प्रश्न आधी उरकून टाकते, कारण मला बोलायचंय ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल. नोकरी सोडू नका, अर्धवेळही करू नका. मुलांची बस जाते ६.५५ ला आणि तुम्ही कामाला निघता पावणेनऊला. उद्या तुम्ही दिवसभर घरी बसलात तरी बस ६.५५ लाच येणार. सासूबाईंशी वाद न घालता हा हिशेब तेवढा त्यांच्यापुढे मांडा. आणि उशीर होतो म्हणून वर्षाच्या मध्येच शाळा बदलू नका. नव्या शाळेची बसही कुठल्यातरी वेळेला येईल आणि पावणेअकराला झोपलेली मुलं तीही चुकवतील.

आता तिसरी गोष्ट. तुम्ही सकाळचं किती बारीक वर्णन केलंय! वेण्या आहेत, गालातला घास आहे, हाका आहेत. त्यात तुमचे मिस्टर मात्र कुठेच नाहीत. ते पत्रात अवतरतात थेट रात्री नऊला, ‘बाबा’ म्हणून. निघतात साडेसातला, म्हणजे सहा ते सात या वेळात ते घरातच असणार. दाढी, आंघोळ, चहा, मोबाइलवर बातम्या? त्यांना दोष देत नाहीये. ठाण्याहून बीकेसी गाठायची म्हणजे काय, हे मला माहीत आहे. घरातलं एक मोठं माणूस सकाळी फक्त स्वतःचं आवरतं, दुसरं तिघांचं आवरतं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, अशी घरं मी खूप पाहिली आहेत. तुम्हालाही ते वेगळं लिहावंसं वाटलं नाही, हेच मला जास्त बोलकं वाटलं.

झोपेचा हिशेब करू. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये वयानुसार झोपेचे आकडे दिले, तेच बालरोगतज्ज्ञ आजही सांगतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. तुमची मुलं पावणेअकराला झोपून सहाला उठत असतील, तर थोरलीला सव्वासात तास मिळतात. कमीत कमी हवे त्यापेक्षाही पावणेदोन तास कमी. शाळेच्या पाच दिवसांत पावणेनऊ तास होतात. म्हणजे तुमची दुसरीतली मुलगी दर आठवड्याला एक अख्खी रात्र जागते.

गंमत बघा, धाकट्याचं गणित जुळतं. रात्रीचे सव्वासात आणि दुपारचे तीन, सव्वादहा तास झाले. त्याची झोप पुरी आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. तो दुपारी भरपूर झोपतो, रात्री नाचतो आणि त्याच्या नाचात थोरलीची झोप जाते. तुमच्या पत्रात उठत नाही तो धाकटा आणि जिन्यात बसली ती थोरली. ती हट्टी नाही, ती दमलेली आहे. नीट झोप न झालेलं मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही. ते चिडतं, रडतं, क्षुल्लक गोष्टीला अडून बसतं. वर्गावर अनेक वर्षं काढल्यावर मला सकाळच्या प्रार्थनेलाच कळायचं, आज कोण अर्धवट झोपेत आहे. शांत बसलेली मुलं नसायची ती, वाकडेपणा करणारी असायची.

तेव्हा ‘तेवढाच मुलांना बाबा मिळतो’ या वाक्यापाशी तुम्हाला थांबावं लागेल. रात्री दहाला मिळणारा बाबा दमलेला असतो, आणि मुलंही दमलेली असतात. तोच बाबा सकाळी सहाला द्या. सहा ते ६.५५ ही मुलं त्यांची. उठवायचं त्यांनी, दात घासून घ्यायचे त्यांनी, कपडे चढवायचे त्यांनी, बसमध्ये बसवायचंही त्यांनी. तुमच्याकडे फक्त ओटा आणि डबे. त्यांची दाढी-आंघोळ सहाच्या आधी नाहीतर बस गेल्यावर. साडेसातपर्यंत अर्धा तास उरतो, पुरतो. मुलांना त्यामुळे रोज तासभर बाबा मिळतो, तोही कामाच्या फोनविना.

याची किंमत मी लपवत नाही. सोमवार ते गुरुवार ते घरी पोचतील तेव्हा मुलं झोपलेली असतील. पहिले काही दिवस त्यांना रिकामं वाटेल, तुम्हालाही वाटेल. शुक्रवार-शनिवारची रात्र त्यांना खुशाल द्या, तेव्हा होऊ दे काय दंगा व्हायचा तो. फक्त शनिवार-रविवारी उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे नेऊ नका, नाहीतर सोमवारची सकाळ पहिल्यासारखीच.

तुमची खरी परीक्षा वेगळीच आहे. पहिल्या आठवड्यात धाकटा ‘आईच पाहिजे’ म्हणून घर डोक्यावर घेईल. मिस्टर म्हणतील, “बघ, त्याला तूच लागतेस.” शर्टाची बटणं एक वर एक खाली लागतील, मोजे उलटे असतील. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही. एकदा तुम्ही बटणं नीट करायला आलात की ते काम पुन्हा तुमचं झालं, हे तिघांनाही कळतं. उलट्या मोज्यांनी शाळेत गेलेलं मूल मी पुष्कळदा पाहिलंय, काही बिघडत नाही.

रात्रीची वेळ एकदम नऊवर आणायला जाऊ नका, मुलं नुसती अंधारात लोळत तुमचं डोकं खातील. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. पावणेअकराचे नऊ व्हायला साधारण तीन आठवडे लागतील. उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून तीच ठेवा. आणि सुरुवात रात्रीपासून करू नका, दुपारपासून करा. धाकट्याला साडेतीनला उठवा. हे सासूबाईंच्या हातात आहे, त्यांचीही दुपार त्याच्याबरोबर आडवी होत असणार. त्यांच्या दृष्टीने झोपलेल्या लेकराला उठवणं हे पाप आहे. त्यांना सांगा, पडदे उघडायचे, पंखा कमी करायचा, तो आपोआप चुळबुळतो. मग पाचला दोघांना खाली नेऊन उन्हात दमवायचं. टॉवरच्या पोडियमवर चेंडू खेळायला मनाईची पाटी असेल. सायकल तरी चालते.

जेवण सव्वासातला. तुम्ही ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरून, तिथून वाघबीळ गाठेपर्यंत सव्वासात होऊनही जातात. तुमच्यासाठी मुलांना थांबवू नका. वरण-भात, तूप, लिंबू, एक भाजी, आजी वाढतील. आजींना भरवायची हौस आहे ना, ती सकाळी सहाला मोबाइल लावून भागवण्यापेक्षा रात्री सातला गोष्ट सांगून भागवू दे. आठ वाजले की हॉलमधली मोठी ट्यूब बंद, पिवळा दिवा चालू. लहान मुलांचे डोळे मोठ्यांच्या डोळ्यांपेक्षा जास्त उजेड आत घेतात आणि उजेड असेतो त्यांच्या शरीराला रात्र झाली हे कळत नाही. आजींची मालिका याच वेळेला असते, याची मला कल्पना आहे. त्यांना हेडफोन आणून द्या, त्यांच्या खोलीत मोबाइलवर पाहतील. हे भांडण ओढवून घेण्यासारखं आहे. बाकीची सोडून द्या.

आता सकाळमधून काय काय उचलून बाहेर टाकता येईल ते बघू.

पहिलं, आंघोळ. दोन मुलांची आंघोळ म्हणजे गीझर, केस पुसणं, पावडर, थंडीत कुडकुडणं, निदान वीस मिनिटं. ती संध्याकाळी खेळून आल्यावर घाला. तेव्हा मुलं मळलेलीही असतात आणि कोमट पाण्याने झोपही चांगली लागते. सकाळी हात-पाय-तोंड स्वच्छ धुतलं की झालं. सासूबाई लगेच म्हणतील, “पारोशी पाठवायची शाळेत?” त्यांचं म्हणणं मला परकं नाही, मीही तशाच घरात वाढले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला घाम कुठून येणार? मे-जूनमध्ये येतो, तेव्हा दोन तांबे अंगावर घ्या. देवापुढे हात जोडण्यासाठी हात-पाय धुतलेलं लेकरू पुरे असतं, हे त्यांना तुमच्याऐवजी त्यांच्या मुलाने सांगावं. तुम्ही सांगितलंत तर तो सुनेचा आळस ठरेल.

दुसरं, खाणं. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात पोळी-भाजी खाण्याची भूक बहुतेक मुलांना नसते. तुम्हाला असते का? गालात धरलेला घास म्हणजे धाकटा सांगतोय की नको. अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि घोटभर दूध एवढ्यावर सोडा आणि डबा दमदार द्या. छोट्या सुट्टीत ते भुकेले असतील आणि डबा संपेल. डब्याचा पदार्थ रोज रात्री ‘उद्या काय?’ म्हणून ठरवू नका. वार लावून टाका, सोमवारी थालीपीठ, मंगळवारी पोळीचा लाडू, बुधवारी धिरडं, आणि तेच चालू द्या. मुलांना तोचतोचपणा खटकत नाही, आपल्याला खटकतो. एकच पथ्य : त्यांना पंधरा मिनिटांत स्वतःच्या हाताने संपवता आलं पाहिजे. मटार उसळ कितीही चांगली झाली तरी डब्यात ती चुकीची.

तिसरं, वेण्या. रात्री झोपताना सैलसर वेण्या घालून ठेवतात पुष्कळ आया, सकाळी वरून हात फिरवून रिबिनी बांधायच्या. किंवा हे काम आजींचं, थोरली दूध पिता पिता त्यांच्यापुढे बसेल. किंवा केस कापा. तिसरा मार्ग मला आवडतो, पण त्यावर तुमच्या घरात मतदान घ्यावं लागेल.

दप्तर, गणवेश, मोजे, पट्टा, ओळखपत्र हे सगळं रात्री आठच्या आत दाराजवळच्या एकाच ठिकाणी. दुसरीतली मुलगी स्वतः वेळापत्रक बघून वह्या भरू शकते. पीटीचा पांढरा ड्रेस कोणत्या वारी तेही तिला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. दप्तर जड असेल तर वजन करून बघा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो ही मर्यादा आहे आणि दुसरीपर्यंत गृहपाठही नको असं म्हटलंय. तुमच्याकडे रात्री साडेनऊला गृहपाठ चालत असेल तर तो आधी बंद करा. धाकट्याचे बूट लेसचे असतील तर वेल्क्रोचे घ्या. पावसाळ्यात गणवेश वाळत नाही हे ठाण्यात कोणाला सांगायला नको, तिसरा जोड शिवून घ्या. पंख्याखाली ओला शर्ट फडफडवण्यात फार सकाळी वाया जातात.

आणि वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. ‘उद्या मुलांनी पिवळे कपडे घालून एक फळ आणावे’ हा निरोप रात्री पावणेदहाला का येतो, हे मला शिक्षिका असूनही कधी उमगलेलं नाही. वर्गशिक्षिकेला पालकसभेत एवढंच विचारा, की असे निरोप दोन दिवस आधी देता येतील का. ग्रुप बघायचं काम मिस्टरांकडे द्या. परतीच्या गाडीत त्यांचा फोन हातातच असतो. फळ आणायचं असेल तर स्टेशनबाहेर मिळतं.

मिस्टर सकाळी मुलांना कसं उठवतील, त्याबद्दल थोडं. गाढ झोपेतून उठलेल्या मुलाचं डोकं चालू व्हायला दहा-पंधरा मिनिटं जातात. त्या वेळात सूचना देऊ नयेत. पडदा उघडायचा, पाठीवरून हात फिरवायचा, मांडीवर घेऊन बसायचं. डिसेंबर-जानेवारीत तर इथे सूर्यच सातनंतर उगवतो. जूनमध्ये सहाला उजाडतं. जी मुलं शाळा सुरू होताना हसत उठली तीच थंडीत का उठत नाहीत, याचं निम्मं उत्तर खिडकीबाहेर आहे. त्या दोन महिन्यांत पाच मिनिटं आधी दिवा लावून ठेवा.

‘लवकर कर’ हे दोन शब्द महिनाभर घरातून काढून टाका. चार वर्षांच्या मुलाला ‘पाच मिनिटं’ म्हणजे किती ते कळत नाही. त्याला ‘आधी काय, मग काय’ एवढंच कळतं. स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचतही नाही. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, एकच गोष्ट सांगायची. “मोजे.” ते झालं की पुढची. घड्याळ हवंच असेल तर कानाचं द्या. तुमचा कुकर रोज सव्वासहाला लागत असेल, तर पहिल्या शिट्टीला दात, तिसरीला शर्ट. मुलं शिट्ट्या मोजतात, मला माहीत आहे. आईचा आवाज मात्र रोजचा झाला की ऐकू येईनासा होतो.

आणि लिफ्ट! अठराव्या मजल्यावर राहणारी माणसं घरातून निघण्याची वेळ धरतात, गेटवर पोचण्याची धरत नाहीत. पावणेसातला तुमच्या टॉवरमध्ये सगळ्या मजल्यांवरची शाळेची मुलं, दूधवाला, पेपरवाला, गाड्या धुणारी पोरं, सकाळचे फिरायला जाणारे आजोबा, सगळे त्याच लिफ्टच्या पाठी. दाराबाहेर पडायची वेळ ६.४० धरा. खाली दहा मिनिटं लवकर पोचलात तर बाबा-मुलांच्या गप्पा होतील. लिफ्टचं बटण रोज कोण दाबणार हे आदल्या रात्री ठरवून टाका, त्यावरून सकाळी महाभारत होतं.

बस चुकलीच, तर काय करायचं तेही आजच ठरवा. त्या सकाळी ठरवायला गेलात की सगळे सगळ्यांवर ओरडतात. मिस्टरांना तसंही कापूरबावडी-माजिवड्यावरूनच स्टेशनला जायचंय. बस गेली की ते लगेच निघतील, रिक्षाने मुलांना सोडून तसेच पुढे. त्यांची आंघोळ राहिली असेल तर राहिली. पुढच्या वेळी बस चुकण्याची शक्यता अशाने बरीच कमी होते, एवढं मात्र नक्की. स्कूटरवर पुढे एक मागे एक असं दोघांना घेऊन जाणं घोडबंदर रोडला रोज दिसतं. ते करू नका. दुचाकीवर चालकाव्यतिरिक्त एकालाच परवानगी आहे आणि बाजूने कंटेनर जात असतात.

थोरलीबद्दल. तिला शिक्षा होते आहे ती मोठ्यांच्या उशिराची. सात वर्षांचं मूल गजर लावत नाही, रिक्षा थांबवत नाही. हे तिला तुमच्या तोंडून ऐकायची गरज आहे : “उशीर तुझ्यामुळे होत नाही. तो आई-बाबांनी नीट करायचा आहे.” एकदाच, शांतपणे, रात्री अंथरुणावर. मग शाळेला चिठ्ठी लिहा, दोघांच्या सहीने. “आमच्याकडून सकाळी उशीर होतो आहे, तो सुधारायला सुरुवात केली आहे. पुन्हा झाला तर नोंद आमच्या नावावर करा, आम्हाला बोलवून घ्या, पण मुलीला गेटापाशी उभं करू नका. तिने शाळेला यायला नकार दिला आहे.” एवढीच. बहुतेक मुख्याध्यापिकांना शेवटचं वाक्य पुरतं. नाही पुरलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्याला त्याने मनाई केली आहे. पण तो कागद दुसऱ्या भेटीला काढायचा, पहिल्या भेटीला काढला की समोरचं माणूस ऐकायचं थांबतं.

एक गोष्ट बाजूने तपासा. झोप सुधारून दोन-तीन आठवडे झाले आणि तरी ती शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणाली, रविवारी नाही, तर तिच्याशी बसबद्दल, वर्गाबद्दल बोला. बसमध्ये कोण शेजारी बसतं, मावशी कशा बोलतात, डबा कोण खातं. थेट ‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ येतं. वेण्या घालताना मुली बोलतात.

तुमची बाकीच्या पालकांशी चर्चा होत असेल की लहानांची शाळा साडेसातला का. प्रश्न रास्त आहे. २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढला. ८ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने आदेश काढला की २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तुमची दोन्ही मुलं त्यात बसतात. शाळा-बसवाल्यांनी तेव्हाच विरोध केला, कारण त्याच गाड्या दोन फेऱ्या करतात आणि नऊची फेरी ऑफिसच्या गर्दीत अडकते. ज्या शाळांना खरंच अडचण आहे त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं, अशी वाटही आदेशात ठेवली होती. तेव्हा पालक-शिक्षक संघात लेखी विचारा, आपल्या शाळेने काय केलं? विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पण विचारण्याआधी स्वतःचा दिवस मांडून बघा. शाळा नऊची झाली तर बस सव्वाआठच्या सुमारास येईल, तेव्हा घोडबंदर रोड तुंबायला लागलेला असतो, आणि तुम्ही स्वतः पावणेनऊला निघता. मिस्टर तर साडेसातलाच गेलेले. मग सकाळ पुन्हा एकटीवर. मुलांसाठी नऊची वेळ चांगली, यात मला शंका नाही. तुमच्या घराला ती झेपण्यासाठी मात्र आजींनी मुलांना खाली नेऊन बसमध्ये बसवायची तयारी ठेवावी लागेल. त्यांना विचारून घ्या. त्या ‘नोकरी सोड’ म्हणतात त्यामागे ‘सगळं माझ्यावर पडेल’ ही भीती असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

शाळा बदलण्याबद्दल एक पुरवणी. पुढच्या प्रवेशांच्या वेळी तुम्ही ते पुन्हा काढलंत तर मी विरोध करणार नाही, फक्त कारण अंतराचं असू दे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी अशी कल्पना आहे, मुलाला चालत जाता येईल इतकी. आपण चार चांगल्या शाळांवरून बस नेऊन पाचव्या शाळेत मुलं घालतो आणि मग पहाटे पाचला उठतो. वाघबीळपासून चालत जाण्याच्या अंतरावर काय आहे, एखाद्या शनिवारी दोघं पायी फिरून बघा. मराठी माध्यमाचीही बघा. नाक मुरडू नका, आत जाऊन वर्ग बघा.

सुरुवात करायला जोडून सुट्टीचा सोमवार वगैरे शोधत बसू नका. येत्या शनिवारी दुपारी धाकट्याला साडेतीनला उठवा, तिथून सुरू. पहिल्या आठवड्यात बस एकदा तरी चुकेल, ठरल्याप्रमाणे बाबा घेऊन जातील.

शेवटी, तुम्ही ओघात लिहून गेलात ती गोष्ट. धाकटा तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो आणि उठवल्या उठत नाही. सर्दी नसतानाही हे रोज होत असेल, तर वरचं सगळं एकीकडे ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या वयात नाकामागच्या गाठी, अॅडिनॉइड, वाढलेल्या असू शकतात. त्यामुळे रात्रभर श्वास नीट जात नाही आणि तास भरले तरी झोप भरत नाही. जाण्यापूर्वी रात्री त्याच्या झोपेचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना आवाज आणि छातीची हालचाल दिसली पाहिजे. झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का, अंथरूण ओलं होतं का, तेही सांगा. ही अपॉइंटमेंट याच आठवड्यातली घ्या आणि शक्यतो शनिवारची, म्हणजे दोघांना जाता येईल.